इस्त्रीघरातली गाडी

१

आमची डिलिव्हरीची व्हॅन रोज मागच्या गल्लीत उभी असते; ती गल्ली उताराची, इस्त्रीघराच्या फरशीपेक्षा बरीच उंच. त्या दिवशी उजाडता उजाडता मी लॉन्ड्री उघडली, इस्त्रीघराचा दिवा लावला, तर व्हॅन आत होती.

आत म्हणजे अगदी आत. मागच्या भिंतीच्या जागी भलंमोठं भगदाड, विटांचा आणि पिवळ्या चिखलाचा ढीग, त्याखाली चेपलेली चादरींना इस्त्री करायची मोठी प्रेस, आणि त्या ढिगावर नाक खाली करून बसलेली आमची पांढरी व्हॅन. तिच्या पुढच्या चाकांखाली हॉटेलच्या चादरींची चळत होती. आदल्या संध्याकाळी त्या चादरी मीच घड्या घालून भिंतीला लावून रचल्या होत्या. मी किंचाळले की नाही ते मला आठवत नाही, पण सासूबाई म्हणतात की दोन गल्ल्या पलीकडच्या आमच्या घरापर्यंत आवाज आला.

धावत पहिले आले ते हे. आमच्या ह्यांना संकटात काहीतरी करून दाखवायची फार घाई असते. गाडी आणखी पुढे येईल म्हणून ते तडक आत चढले आणि दिसेल ती दांडी ओढून बसले. हँडब्रेक, गिअर, काही म्हणून सोडलं नाही. मग आधी काय वर होतं आणि काय खाली, ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

मागोमाग सासूबाई आल्या. त्यांनी पदर खोचला आणि कामालाच लागल्या. लॉन्ड्रीवाल्यांचं हे असं असतं. डाग दिसला की हात थांबत नाही. आम्ही दोघींनी चिखलात गाडलेल्या चादरी ओढून टाकीतल्या साठ्याच्या पाण्यावर मशिनला लावल्या, फरशीवरचं पाणी झाडून काढलं, चिखल घमेल्याने बाहेर टाकला. विटांखाली गेलेल्या इस्त्र्या सासूबाईंनी एकेक करून उचलल्या, पुसल्या आणि फळीवर ओळीने लावल्या. पुरावा बिरावा असला काही विचार आमच्या डोक्यातही आला नाही.

मामंजी सगळ्यात शेवटी आले. जन्मभर बस चालवलेला माणूस, निवृत्त झाल्यावर आमची व्हॅन त्यांनी हौसेने हातात घेतली होती. उतारावर ते कुठल्याच हँडब्रेकवर विश्वास ठेवत नसत. गाडी लावली की पुढच्या चाकाखाली एक जुनी, कोळशाची, लोखंडी इस्त्री सरकवायची, टोक चाकाकडे करून, हा त्यांचा नेम. "ब्रेक दमतो गं सूनबाई, इस्त्री दमत नाही," असं म्हणायचे. इस्त्री लावल्याशिवाय ते गाडीकडे पाठ फिरवत नसत.

त्या सकाळी ते भगदाडातून वर गल्लीकडे बघत राहिले. मग बाहेरून वळसा घालून गल्लीत गेले, तिथे वाकून बराच वेळ काहीतरी शोधलं आणि परत आले. खिशातून व्हॅनची चावी काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"इस्त्री गल्लीत नाही," ते म्हणाले. "म्हणजे मी लावलीच नाही. आजपासून मी गाडीला हात लावणार नाही."

२

गेले काही महिने मामंजी विसरायला लागले होते. चष्मा कुठे ठेवला, नळ बंद केला का, असलं बारीकसारीक. आम्ही तिघंही त्याबद्दल मूग गिळून होतो आणि तेही होते. त्या चावीने सगळं उघड्यावर आणलं. दुपारी त्यांनी ताट दूर सारलं. "भूक नाही" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. गेलेल्या भिंतीपेक्षा मला त्या पाठमोऱ्या माणसाचीच जास्त भीती वाटली.

ह्यांनी विमा एजंटला फोन लावला. तो एरवी फोनवर सुद्धा हसतो. त्या दिवशी हसला नाही.

"गाडी कोणाची?" त्याने विचारलं.

"आमची."

"आणि भिंत?"

"भिंत पण आमचीच की!"

"मग पंचाईत आहे," तो म्हणाला. "दुकानाच्या पॉलिसीत वाहनाच्या धडकेने झालेलं नुकसान मिळतं, पण वाहन दुसऱ्याचं असलं तर. स्वतःच्या वाहनाने मारलेली धडक त्यातून वगळलेली आहे. गाडीच्या पॉलिसीत थर्ड पार्टी असते, पण थर्ड पार्टी म्हणजे तिसरा माणूस. पहिले तुम्ही, दुसरी कंपनी. स्वतःच स्वतःचे तिसरे कसे होणार? गाडीच्या पत्र्याचं काय ते मिळेल. भिंत, प्रेस, कपडे, सगळं तुमच्या अंगावर."

दोन पॉलिसी, दोघींचे हप्ते वेळच्या वेळी, आणि ऐन वेळी दोघींनी हात वर केले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती प्रेस म्हणजे आमचं पोट होतं. ती उभी राहिली नाही तर हॉटेलवाले चादरी दुसरीकडे देणार आणि लॉन्ड्रीला कुलूप लागणार, हे सांगायला कोणाची गरज नव्हती.

मग मला सुतार आठवला.

गल्लीच्या वरच्या अंगाला सुताराचा कारखाना आहे, राहतोही तिथेच. आदल्या संध्याकाळी तो गल्लीतच लाकूड टेकवायचा घोडा मांडून कसल्यातरी लालबुंद लाकडावर रंधा मारत होता आणि पातळ साली, भुसा सगळीकडे उडत होता. व्हॅन लावायची म्हणून मामंजींनी हॉर्न वाजवला, तो हलेना, मग मी मध्ये पडले. चांगली जुंपली आमची. शेवटी घोडा बाजूला ओढताना तो ओरडला होता, "एक दिवस तुमची ही गाडी ढकलूनच देईन!"

मी तशीच गल्लीत गेले आणि सगळ्या शेजाऱ्यांसमोर त्याच्या नावाने शंख केला. तो दारात उभा राहून ऐकत होता. एक शब्द बोलला नाही, नुसतं दार लावून घेतलं. गप्प बसणारा माणूस गुन्हेगारच असतो, अशी माझी त्या वेळी पक्की समजूत होती.

३

दुसऱ्या दिवशी कंपनीकडून सर्व्हेअर आल्या. नुकसान किती आणि कशाने झालं ते बघून अहवाल द्यायचा, हे त्यांचं काम. मला वाटलं होतं, टाय लावलेला कोणी साहेब येईल. आल्या त्या पन्नाशीच्या एक बाई, पायांत गमबूट, अंगात कोट, खांद्याला झोळी आणि भर उजेडात हातात टॉर्च. आल्याबरोबर त्या गाडीखाली आडव्या झाल्या आणि खूप वेळ फक्त गमबूट दिसत राहिले. ह्यांनी तिथल्या तिथे त्यांचं नाव टॉर्चबाई ठेवलं. आजही आमच्या घरात त्या टॉर्चबाईच आहेत.

बाहेर येऊन त्यांनी गुडघे झटकले. "फरशी फार स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या.

मला ते कौतुक वाटलं. "सवयच आहे आम्हाला," मी म्हणाले.

"ते दिसतंय. चादरी पण धुतल्या असतील?"

"पहिल्या धुतल्या."

त्यांनी कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी ठेवला. मग म्हणाल्या, "चहा आहे का? मी आधी गप्पा मारते. जबाब नंतर लिहून घेते."

त्यांनी एकेकाला पुढच्या खोलीत बोलावलं. मी चहा नेण्याच्या निमित्ताने तिथेच घुटमळत होते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

हे पहिले गेले. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "बाई, चूक माझी आहे. रात्री सामान काढायला मी गाडी थोडी मागे घेतली आणि इस्त्री परत लावायला विसरलो. वडिलांचा काही संबंध नाही."

हे साफ खोटं होतं. त्या रात्री हे जेवून जे झोपले ते सकाळी माझ्या किंचाळण्याने उठले.

मग सासूबाई. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "इस्त्री मी उचलून आणली होती. फार गंजली होती, म्हटलं घासावी. सांगायचं राहून गेलं. ह्यांना उगाच दोष देऊ नका."

शेवटी मामंजी. ते ताठ बसले, जसे चौकशीला वरिष्ठांपुढे बसत असतील तसे. "इस्त्री लावली असं मला आठवतं," ते म्हणाले. "हाताला तिचं वजन आठवतं. पण हल्ली मला न केलेलं पण आठवतं. तेव्हा मीच विसरलो असं लिहा."

एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. टॉर्चबाईंनी चहाचा कप त्यांच्या पुढे सरकवला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. कोणाचं रडणं बघू नये एवढी समज त्या बाईला होती, आणि तिथेच मला त्या आवडायला लागल्या.

मी तडक आत गेले. "हे तिघंही एकमेकांना वाचवतायत. गाडी सुताराने ढकललीय!"

"तुम्हाला काही कबूल करायचं नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"चला, घरात कबुली न देणारं एक तरी माणूस निघालं," त्या म्हणाल्या आणि मग एकदम कडक झाल्या. "आता नीट ऐका. पॉलिसीत एक कलम असतं. खरी गोष्ट लपवली किंवा खोटी सांगितली, तर सगळा दावा बुडतो. चांगल्या मनाने सांगितलेलं खोटंही त्याला खोटंच वाटतं. तुमच्या घरच्यांनी आत्ता जे सांगितलं ते मी लिहून घेतलं असतं, तर तुम्हाला दमडी मिळाली नसती. बरं झालं मी चहा पीत होते."

मी रिकामे कप गोळा करायला लागले. त्या मात्र झोळी उचलून उठल्या.

"मघाशी गाडीखालून दिसला तो तुटलेला पाइप दाखवा," त्या म्हणाल्या.

४

लॉन्ड्रीला पाणी आणणारा जाड पाइप त्याच गल्लीखालून, भिंतीच्या पाठीमागून जातो. जमीन खचली तिथे तो उघडा पडला होता आणि मधोमध तुटला होता. गाडीनेच तोडला असणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

टॉर्चबाईंनी खड्ड्यात उतरून तुटलेल्या कडेवर टॉर्च फिरवला, बोट फिरवलं.

"काल सकाळी तुम्ही आलात तेव्हा यातून पाणी येत होतं?"

मी आठवून बघितलं. फरशीवर पाणी होतं, पण पाइप कोरडा होता. "नाही."

"पाणी कधी सोडतात तुमच्याकडे?"

"पहाटे. दाबाने येतं. सकाळचा पहिला धुवा त्याच पाण्यावर होतो."

"म्हणजे मोठ्या दाबाचं पाणी, तुटलेला पाइप, आणि तरी थेंब नाही. गल्लीच्या वरच्या टोकाला व्हॉल्व्ह असेल. तो कोणी बंद केला?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. सासूबाई नाहीत, मामंजी नाहीत. मला तर तो व्हॉल्व्ह नेमका कुठे आहे तेही ठाऊक नव्हतं.

"मग तुमच्या आधी इथे कोणीतरी येऊन गेलं होतं," टॉर्चबाई म्हणाल्या.

"सुतार!" मी जवळजवळ उडी मारली. "बघा, मी म्हणत नव्हते?"

व्हॉल्व्ह सुताराच्या ओट्यालगतच होता. टॉर्चबाईंनी त्याचं दार वाजवलं. मी मागे हात कमरेवर ठेवून उभी. तो बाहेर आला, मला बघून तोंड फिरवलं.

"व्हॉल्व्ह तुम्ही बंद केलात?"

"केला. बंद करायला नको होता का?"

"आधी काय ऐकलंत ते सांगा."

तो ओट्यावर येऊन बसला. मग म्हणाला, "पाण्याचा आवाज. पहाटे जाग आली ती त्यानेच. आधी वाटलं, लॉन्ड्रीत मशिन लावलंय. त्यांच्याकडे पाण्याचा आवाज काय नवा? पण थांबेचना, वाढतच चालला. मी चपला घालतोय तोवर भिंत पडल्याचा आवाज झाला. आणि त्याच्यानंतर गाडी घसरल्याचा. पळत जाऊन आधी पाणी बंद केलं, नाहीतर आतली सगळी मशिनं बुडाली असती. तसाच यांच्या घरी सांगायला निघणार, तर शर्ट घालून येईपर्यंत ह्या बाई आल्या होत्या. किंचाळल्या, मग घरचे धावत आले, म्हटलं आता मी कशाला नाक खुपसू. नंतर विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण मला चोरच ठरवल्यावर मी काय बोलणार?"

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्याच्या नावाने मी अख्खी आळी गोळा केली होती, त्याने उठून माझी मशिनं वाचवली होती. मी हात जोडले. "चुकले," म्हणाले. 

"असू द्या," तो म्हणाला. "ढकलून देईन असं म्हणालो होतो ना मी. तोंडच वाईट आहे माझं."

टॉर्चबाई ऐकत नव्हत्या. त्या खाली वाकून गल्लीतल्या मातीतून काहीतरी वेचत होत्या.

"हे लाल लाकूड," त्यांनी विचारलं, "तुम्ही पहिल्यांदा कधी रंधलंत?"

"त्याच संध्याकाळी. आधी असलं लाकूड माझ्याकडे आलंच नव्हतं. का हो?"

"चला सगळे इस्त्रीघरात," त्या म्हणाल्या. "तुम्हीपण चला. आणि आजोबांना उठवा, त्यांच्याशिवाय मी बोलणार नाही."

५

आम्ही पाच जण विटांच्या ढिगाभोवती उभे राहिलो. मामंजी दाराशीच थांबले, आत येईनात. सासूबाईंनी त्यांना हाताला धरून आणलं.

"गाडीकडे बघा," टॉर्चबाई म्हणाल्या. "काय फुटलंय?"

"काय म्हणजे? सगळंच," हे म्हणाले.

"सगळं कुठे? खालचा पत्रा खरवडलाय, बंपर खालून वाकलाय. पण हेडलाइट?"

दोन्ही हेडलाइट जसेच्या तसे होते. काल सकाळी ते मी बघितले होते आणि तेवढं तरी वाचलं म्हणून हात जोडले होते.

"गाडीने नाकाने विटांची भिंत फोडली असती, तर आधी या काचांचा चुरा झाला असता. काचा शाबूत आहेत, कारण गाडी आली तेव्हा तिच्यासमोर भिंत नव्हतीच. भिंत आधी पडली. हे सुतारदादांनीही ऐकलंय, पण ते नसते बोलले तरी काचा बोलत होत्या."

"मग भिंत कशाने पडली?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला कळलं.

"पाण्याने. पाइप फुटला, गल्लीखालची माती भिजून जड झाली, तिने भिंतीला आत लोटलं. मग तीच माती घसरली आणि वर उभी असलेली गाडी तिच्याबरोबर खाली आली. आता एक फार महत्त्वाचा प्रश्न." त्या माझ्याकडे वळल्या. "पाइप अचानक फुटला की महिनोन्‌महिने झिरपत होता? पाइप अचानक फुटला तर पॉलिसी भरून देते. हळूहळू झिरपणं, कुजणं, झिजणं हे ती देत नाही, ते मालकाने सांभाळायचं असतं. तुटलेली कड ताजी आहे, चकचकीत आहे. पण मला आणखी काहीतरी हवंय. तुमच्या लॉन्ड्रीत सगळीकडे ओलच असते. ही भिंत ओली होती की नाही, ते मला कोण सांगणार?"

"चादरी सांगतील," मी म्हणाले. हे बोलताना माझा आवाज पहिल्यांदा स्थिर होता. "इस्त्री झालेल्या पांढऱ्या चादरी मी कायम याच भिंतीला लावते. भिंतीला जरा जरी ओल असती, तर चादरीवर बुरशीचे काळे ठिपके पडले असते, आणि ते ठिपके कशाने जात नाहीत. हॉटेलवाल्यांनी चादरी तोंडावर फेकल्या असत्या. एकदाही तक्रार आलेली नाही, हवं तर फोन लावून विचारा."

टॉर्चबाई हसल्या. "लावणारच आहे." मग त्या फळीकडे गेल्या. तिथे आमच्या इस्त्र्या ओळीने होत्या, आणि ओळीच्या शेवटी ती जुनी, कोळशाची. इतका वेळ ती तिथेच होती. आम्ही येता-जाता बघत होतो, पण इस्त्रीघरात इस्त्री दिसल्याचं कोणाला काय वाटणार?

"आजी," त्यांनी सासूबाईंना विचारलं, "ही तुम्ही आदल्या दिवशी घासायला आणली होती ना?"

"हो," सासूबाई म्हणाल्या, पण आवाज बसला होता.

"मग आतून फार वाईट घासलीय." त्यांनी झाकणाची कडी काढली. आतला कोळशाचा कप्पा पिवळ्या चिखलाने गच्च भरला होता.

सासूबाई खाली बसल्या. "ती मला चाकाखाली सापडली," त्या म्हणाल्या. "काल सकाळी. चाकाला इतकी घट्ट बसली होती की खणून काढावी लागली. मला वाटलं, आदल्या दिवशी हे ती आत घेऊन आले आणि इथेच विसरले, आणि गाडी वरून येऊन तिच्यावर बसली. म्हणून वरवर पुसून फळीवर ठेवून दिली. ह्यांना कळू नये म्हणून."

"कुठल्या चाकाखाली? आणि टोक कुठे होतं?"

"पुढच्या डाव्या. टोक चाकाकडे."

मामंजींनी मान वर केली. "मी तशीच लावतो," ते अगदी हळू म्हणाले.

टॉर्चबाईंनी इस्त्री उलटी केली. सासूबाईंनी ती वरून पुसली होती, पण तळ तसाच होता. त्याला वाळलेल्या मातीची एक पापडी चिकटली होती. टॉर्चबाईंनी टॉर्चचा उजेड त्या पापडीवर टाकला. मातीत लाल लाकडाची साल होती, रंध्यातून निघालेली, कागदासारखी सपाट.

"चिखलाबरोबर वाहत आली असती तर ही फुगून वेटोळी झाली असती. ही दाबून सपाट झालीय, अगदी इस्त्री केल्यासारखी. हे लाकूड त्या संध्याकाळच्या आधी गल्लीत नव्हतं. म्हणजे भांडण झालं, भुसा पडला, गाडी लागली, आणि त्या भुशावर ही इस्त्री ठेवली गेली. ती रात्रभर तिथेच होती. जमीन खाली आली तेव्हा गाडी आली, आणि गाडीबरोबर चाकाला धरून ही पण आली. तिने गाडी सोडली नाही."

त्यांनी ती जड इस्त्री दोन्ही हातांनी मामंजींसमोर धरली.

"आजोबा, तुम्ही विसरला नव्हता. तुम्हाला जे आठवत होतं तेच खरं होतं."

मामंजींनी इस्त्री घेतली. हाताला तिचं वजन आलं तसे त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. हे पुढे होऊन त्यांच्या खांद्याला बिलगले. मी तर सरळ रडले. सुतार उगाच एक वीट उचलून इकडून तिकडे ठेवत राहिला.

६

मग टॉर्चबाईंनी खरे जबाब लिहून घेतले. लिहिता लिहिता मला समजावूनही सांगितलं. कोणी कधी इतक्या सावकाशीने मला पॉलिसी समजावली नव्हती.

"एकामागून एक दहा गोष्टी घडतात," त्या म्हणाल्या. "शेवटची कोणती ते कंपनी विचारत नाही. ज्या एका गोष्टीने बाकीच्या ओढून आणल्या, ती कोणती, हे विचारते. त्याला निकटचं कारण म्हणतात. निकटचं म्हणजे जवळचं, पण घड्याळाने नाही, जोराने जवळचं. तुमच्याकडे ते कारण पाइप फुटणं आहे, आणि ते पॉलिसीत आहे. गाडी शेवटी आली म्हणून ती कारण होत नाही. ती बिचारी तुमच्याच रांगेतली, नुकसान झालेली."

"म्हणजे सगळं मिळेल?"

"सगळं कधीच मिळत नाही. प्रत्येक दाव्यातला पहिला थोडा भाग तुमचा, त्याला वजावट म्हणतात. गाडीचे जुने भाग बदलून नवे घातले की जुनेपणाचे पैसे कापतात, तो घसारा. आणि फुटलेला पाइप स्वतः तुमच्याच खर्चाने. पण भिंत, प्रेस, आणि लोकांचे कपडेसुद्धा भरून मिळतील. इतरांचा माल तुमच्या ताब्यात असताना, असं वेगळं लिहून घेतलंय पॉलिसीत. नवी प्रेस आल्यावर विम्याची रक्कमही वाढवलीय. ती वाढवली नसती, तर निम्म्याचा विमा म्हणून नुकसानही निम्मंच धरलं असतं. हे दोन्ही कोणी करून घेतलं? फार कमी लोकांना सुचतं."

 सासूबाई हळूच म्हणाल्या, "ह्यांनी. एजंटच्या खनपटीला बसले होते. तुम्ही दोघं हसत होतात."

खरंच हसलो होतो. म्हातारपणी माणसाला उगाच काळज्या लागतात, असं मी ह्यांच्या कानात म्हटलंही होतं.

अहवाल गेला, कंपनीच्या दोन-चार चकरा झाल्या आणि दावा मंजूर झाला. भिंत उभी राहिली. नवी फळी सुताराने त्याच लाल लाकडाची करून दिली. आता गाडी लागायच्या आधी तो घोडा स्वतःहून बाजूला घेतो आणि मी वर जाऊन त्याला चहा देते. भांडतो अजूनही, पण आवाज खाली ठेवून.

टॉर्चबाईंचे उपकार कसे फेडावेत ते मला कळेना. त्यांचा कोट त्या दिवशी चिखलाने भरला होता, तो मी मागून ठेवून घेतला होता. धुतला, कडक इस्त्री केली. न्यायला आल्या तेव्हा मी पैसे घेईना तर त्या ऐकेनात. "दाव्याच्या घरून मी फुकट काही घेत नाही," म्हणाल्या. "पावती करा." मी पावती केली. पण कोटाचं एक सैल झालेलं बटण मी आधीच घट्ट शिवून टाकलं होतं, ते पावतीत लिहिलं नाही. त्यांनी जाताना त्या बटणावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. असं माणूस त्या दिवशी आमच्या दारात आलं, हे आठवून मला अजूनही भरून येतं.

मामंजी अजूनही चष्मा विसरतात. नळ कधीमधी वाहता राहतो, मग आमच्यातलं कोणीतरी जाऊन बंद करतं आणि त्याबद्दल कोणी मूग गिळत नाही. चावी मात्र त्यांच्याच खिशात असते. रोज संध्याकाळी गल्लीत गाडी थांबली की वरून हाक येते.

"सूनबाई, इस्त्री दे गं!"

मी फळीवरून ती उचलून नेऊन देते. ते टोक चाकाकडे करून ती सरकवतात, पायाने एकदा दाबून बघतात आणि माझ्याकडे बघतात. "लावली," मी म्हणते. "लावली," ते म्हणतात.

डाग दिसला की माझा हात थांबत नाही, हे मी सांगितलंच. पण त्या इस्त्रीच्या पोटातली माती मी अजून धुतलेली नाही, आणि धुणारही नाही.